रूट फसणे (जुना अँड्रॉइड फोन)

रूट फसणे म्हणजे फोनवर सुपरयुजरचे हक्क मिळवायला जायचं आणि ते न मिळणं, किंवा त्या नादात फोनच चालू व्हायचा बंद होणं. अँड्रॉइडच्या खाली लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) असल्यामुळे सगळ्यात वरचा युजर रूटच असतो, कंपनी फक्त तो आपल्या हातात देत नाही. ‘एसयू’ नावाची एक छोटी बायनरी (प्रोग्रामची फाइल) तो हक्क देते, आणि सगळी झटापट ती आत बसवायची असते.

फसलं की लोक लगेच दुसरं टूल उतरवतात आणि घोळ तिथेच वाढतो. किंगरूट या रूट करणाऱ्या अॅपवर सुपरएसयू हे दुसरं रूटचं अॅप चढवलं की ‘बायनरी ऑक्युपाइड’ असा एरर येतो तो याचमुळे, आधीच्याने जागा अडवून ठेवलेली असते. त्यामुळे आधी नक्की कुठे अडलं ते बघायचं.

एका क्लिकवर रूट करणारी अॅप्स कर्नलमधल्या एखाद्या भोकाचा फायदा घेतात. २०१४ चं टॉवेलरूट कर्नलच्या फ्युटेक्स नावाच्या भागातल्या बगवर चालायचं, म्हणून कर्नल त्या वर्षीच्या जूननंतर बिल्ड झालेला असेल तर सहसा काहीच होत नाही, फोन जुना असला तरी, कारण अपडेटने भोक बुजवलेलं असतं. त्यात अँड्रॉइड ५ पासून एसईलिनक्स (कोणता प्रोग्राम काय करू शकतो यावर बंधन घालणारी सुरक्षा) पूर्ण एन्फोर्सिंग, म्हणजे सक्तीचं झालं, मग नुसती बायनरी आत टाकूनही भागेना. अशी अॅप्स आज कुठूनही उचलून टाकणं मला तरी पटत नाही, आत काय भरलंय कोणाला माहीत.

दुसरा रस्ता बूटलोडर (फोन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) अनलॉक करायचा. सेटिंगमधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू नसेल तर फास्टबूट (कॉम्प्युटरवरून बूटलोडरला कमांड द्यायची सोय) सरळ नाही म्हणतो, आणि अनलॉक झालं की फोनमधला सगळा डेटा उडतो, बॅकअप आधीच घ्यायचा. कमांड दिल्यावर ‘वेटिंग फॉर डिव्हाइस’वरच अडकलं असेल तर बहुतेक वेळा फोनचा दोष नसतो, ड्रायव्हर नसतो किंवा केबल नुसती चार्जिंगची असते. एडीबीत (चालू फोनला कॉम्प्युटरवरून कमांड द्यायचं टूल) ‘अनऑथराइज्ड’ दिसत असेल तर फोनची स्क्रीन उघडून बघा, परवानगीचा डबा तिथे वाट बघत असतो.

सगळ्यात फसवं प्रकरण रिकव्हरीचं, म्हणजे दुरुस्ती-अपडेटसाठी फोनमध्ये वेगळी असलेल्या छोट्या सिस्टमचं. टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची रिकव्हरी फ्लॅश केली, म्हणजे फोनवर लिहिली, ‘ओके’ आलं, फोन रीबूट केला, परत रिकव्हरीत गेलो तर कंपनीचीच जुनी रिकव्हरी हजर! बरेच जुने फोन प्रत्येक वेळी चालू होताना आपली रिकव्हरी तपासतात आणि बदललेली दिसली की जुनी परत लिहितात. उपाय सोपा आहे, फ्लॅश झाल्यावर सिस्टम चालू न होऊ देता बटणं दाबून थेट रिकव्हरीत जायचं आणि तिथूनच पुढचं काम उरकायचं.

मॅजिस्क या रूटच्या टूलमध्ये बूट इमेज (कर्नल असलेली, फोन सुरू करणारी फाइल) पॅच करायची असते, आणि ती इमेज फोनवर आत्ता आहे त्याच बिल्ड नंबरची पाहिजे. मॉडेल तेच पण बिल्ड वेगळा असं झालं तर बूटलूप, म्हणजे लोगो येतो, जातो, परत येतो. घाबरायचं नाही, त्याच बिल्डची मूळ बूट इमेज परत फ्लॅश केली की बहुधा फोन उठतो आणि डेटाही राहतो. आताचं मॅजिस्क अँड्रॉइड ६ च्या खाली चालत नाही, त्यामुळे किटकॅटवाल्यांना (अँड्रॉइड ४.४) जुनेच मार्ग शोधावे लागतात.

सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, ओडिन हे कॉम्प्युटरवरचं फ्लॅश करायचं टूल वापरतात. नॉक्स (सॅमसंगची सुरक्षा) असलेल्या मॉडेलवर परकी इमेज टाकली की नॉक्सचा आकडा ० चा १ होतो, आणि तो स्टॉक रॉम (कंपनीची मूळ सिस्टम) टाकूनही परत ० होत नाही.

स्क्रीन काळी, बटणांना प्रतिसाद नाही, तर हार्ड ब्रिक. क्वालकॉम चिपचा फोन तेव्हा कॉम्प्युटरवर ‘९००८’ पोर्ट म्हणून दिसला तर आशा आहे, पण त्या मॉडेलची प्रोग्रामर फाइल लागते. मीडियाटेक चिपवर एसपी फ्लॅश टूल आणि योग्य स्कॅटर फाइल (फोनच्या मेमरीत काय कुठे आहे त्याचा नकाशा) लागते, आणि इथे ‘डाउनलोड ओन्ली’च निवडायचं, कारण ‘फॉरमॅट ऑल’ने एनव्हीरॅम (फोनचा आयएमईआय ठेवलेला मेमरीचा भाग) पुसला जातो आणि मग फोन चालू होतो खरा पण आयएमईआय गायब, सिमला नेटवर्कच येत नाही.