पार्श्वभूमी : ‘लीन’ रुग्णालयापर्यंत कशी पोहोचली

‘लीन’ म्हणजे चुका आणि वाया जाणारा वेळ व माल कमी करण्याची, कारखान्यांत घडलेली कामाची पद्धत. तिचे मूळ एका मागात आहे. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या १९२४च्या स्वयंचलित मागाची खरी खुबी थांबण्यात होती. धागा तुटला की माग आपोआप बंद पडे आणि सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर अभियंता ताइची ओनो यांनी टोयोटाच्या मोटार कारखान्यात हेच तत्त्व माणसांच्या हाती दिले. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे. त्याच्या जोडीला आले कानबान, म्हणजे माल संपत आल्याची खूण पाहूनच पुढचा माल मागवणे. या साऱ्याला ‘लीन’ (इंग्रजीत सडपातळ, अनावश्यक भार नसलेले) हे नाव अमेरिकी अभ्यासक जॉन क्राफसिक यांनी १९८८मध्ये दिले.

आरोग्यसेवेत या पद्धतीने जोर धरला तो २०००नंतर. अमेरिकेतील सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ अधिकारी २००२मध्ये जपानचे कारखाने पाहून आले. परतल्यावर त्यांनी कर्मचाऱ्यांना रुग्णाला धोका दिसताच प्रक्रिया थांबवून इशारा देण्याचा अधिकार दिला. या वाटचालीतले हेच पाऊल आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. तरीही २००४मध्ये तिथे लेबल नसलेल्या भांड्यांमुळे घोटाळा झाला. क्ष-किरण तपासणीत वापरायचे औषध आणि जंतुनाशक, दोन्ही द्रव रंगहीन होते. जंतुनाशक टोचले गेले आणि रुग्ण दगावली. रुग्णालयाने चूक जाहीर केली. इशाऱ्यांची व्यवस्था कितीही चांगली असली, तरी दोन सारखी दिसणारी द्रव्ये एका टेबलावर येऊ न देणे हे वेगळे काम आहे आणि ते आधी व्हायला हवे.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या फ्लिंडर्स रुग्णालयाने २००३पासून तातडीच्या विभागात रांगाच बदलल्या. उपचार घेऊन घरी जाण्याची शक्यता असलेले एका प्रवाहात, दाखल होण्याची शक्यता असलेले दुसऱ्या प्रवाहात. जीवघेणी अवस्था वगळता प्रत्येक प्रवाहात आलेल्या क्रमानेच तपासणी. किरकोळ दुखण्याचा रुग्ण वारंवार मागे ढकलला जाणे त्यामुळे कमी झाले.

पुढे अनेक ठिकाणी मात्र फक्त साधने उचलली गेली. कपाटांना लेबले लागली, जमिनीवर पट्टे आखले गेले. पण वॉर्डातून सुट्टीचे कागद दुपारीच निघत राहिले. खाट रिकामी होत नाही तोवर तातडीच्या विभागाची गर्दी हटत नाही, मग तो विभाग कितीही नीटनेटका असो.

साठ्याबाबतचा गैरसमज आणखी महागात पडतो. कानबान म्हणजे शून्य साठा नव्हे. रोज २० सलाईन लागत असतील आणि पुरवठा यायला २ दिवस लागत असतील, तर ४० ही फक्त वाट पाहण्याच्या काळाची गरज झाली. अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी आणखी १० धरून प्रत्येक पेटीत ५० ठेवाव्या लागतात. अशा दोन पेट्या असतात. पहिली रिकामी झाली की मागणी जाते आणि काम दुसरीवर चालते. खर्च वाचवण्यासाठी ते जादाचे १० काढून टाकले की नर्सेस उशीखाली, खणात, शेजारच्या वॉर्डात स्वतःचा गुप्त साठा करू लागतात. मग पेटीतला आकडा खरा राहत नाही आणि मागणीही चुकीच्या वेळी जाते.