परिषद म्हणजे संयुक्त चर्च नव्हे

‘आमची मंडळी सी. एन. आय.ची सदस्य आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते दुरुस्त करण्याचाही कंटाळा येतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच सी. एन. आय., ही वेगवेगळ्या चर्चची एखादी संघटना असावी, असा समज त्यामागे असतो; प्रत्यक्षात ते अनेक चर्च विलीन होऊन झालेले एकच चर्च आहे. या गोंधळाचे थोडे खापर नागपुरावर फोडता येईल. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस ही वेगवेगळ्या चर्चची संघटना, जिला आपण नुसते ‘परिषद’ म्हणतो, तिचे मुख्यालय त्याच शहरात आहे आणि सी. एन. आय.ची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथेच झाली.

परिषदेचे काम बहुतेकांना ठाऊक असते. सदस्य चर्चचे प्रतिनिधी एकत्र बसून ठराव करतात, जानेवारीत ऐक्यासाठी प्रार्थना करतात. घरी परतताना मेथॉडिस्ट पंथाचा माणूस मेथॉडिस्टच असतो आणि केरळातल्या मार थोमा चर्चचा माणूस मार थोमाच. सी. एन. आय. स्वतःच या परिषदेचे एक सदस्य आहे, एवढ्यावरून तरी फरक ध्यानात यावा.

१९७० साली मात्र अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे १९२४ पासूनचे संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट हे नुसते शेजारी बसले नाहीत, तर आपले जुने अस्तित्व एका नव्या चर्चमध्ये विसर्जित करण्यास राजी झाले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. ते परिषदेत आहेत, सी. एन. आय.मध्ये नाहीत.

सगळे अडले होते ते बाप्तिस्म्यावर, असे पुष्कळांना वाटते. तो प्रश्न होता खरा, पण दोन्ही रीती मान्य करून तो सोडवला गेला: एकाच चर्चमध्ये एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, तर दुसऱ्या बाळासाठी केवळ आशीर्वादाची प्रार्थना होते आणि ते मोठे झाल्यावर स्वतःच्या विश्वासाने पाण्यात उतरते. खरी मेख होती पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, दीक्षेत. प्रभुभोजनाच्या मेजाशी उभे राहून भाकर मोडण्याचा अधिकार कोणाला? अँग्लिकनांच्या मते ज्याच्या मस्तकावर परंपरेने आलेल्या बिशपाचा हात ठेवला गेला त्याला. काँग्रिगेशनल मंडळींना बिशपाची गरजच कधी वाटली नव्हती. परिषदेत हा प्रश्न अनुत्तरित ठेवूनही वर्षानुवर्षे काम चालते, पण एका चर्चमध्ये पहिल्याच रविवारी त्याचे उत्तर द्यावे लागते.

दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा आधीच्या सर्व पाळकांना आहे तसे स्वीकारण्यात आले आणि यापुढील दीक्षा तेवढ्या बिशपाकडून होतील असे ठरले. त्याची किंमत म्हणून अँग्लिकन जगताने या चर्चशी पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांचे प्रभुभोजन व पाळक मान्य करण्याचे नाते, लगेच मान्य केली नाही. उत्तरेने त्यावरून धडा घेतला. नागपुरात एकत्र येणाऱ्या चर्चच्या सेवकांवर परस्परांनी हात ठेवले आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशा आशयाची प्रार्थना केली. ही पुन्हा दीक्षा आहे की नाही, हे मुद्दामच सांगितले नाही. या मौनामुळे वाद टळला हे मी मान्य करतो, तरीही मला दक्षिणेची रीत अधिक सरळ वाटते, कारण तिने कोणाच्याही आधीच्या सेवेवर प्रश्नचिन्ह लावले नाही.

‘सदस्य’ आणि ‘विलीन’ या शब्दांतला फरक केवळ धर्मशास्त्राचा आहे, असेही नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील ब्रदरन चर्चच्या मिळकतीच्या खटल्यात असा निर्णय दिला की मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला न्यास केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने संपुष्टात येत नाही आणि त्याची मालमत्ताही तेवढ्याने सी. एन. आय.कडे जात नाही. परिषदेच्या सदस्यत्वातून असा खटला उभाच राहत नाही, कारण तेथे कोणी आपले घरदार कोणाच्या स्वाधीन केलेलेच नसते.