नवीन आहे, पण सहज सुचण्यासारखं नाही ना?

पेटंटच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, "अहो पण हे आधी कुणी केलेलंच नाही!" बरं, नसेल केलं, पण त्याने अर्धीच लढाई जिंकली जाते, कारण नवेपणा वेगळा आणि सहज न सुचणं वेगळं.

उदाहरण घेऊ. मेल्टब्लोन नॉनवोव्हन, म्हणजे न विणता तंतूंपासून केलेलं कापड, बनवताना वितळलेलं पॉलिमर गरम हवेच्या झोताने ओढून बारीक तंतू करतात, ते गार व्हायच्या आत क्षणभर चिकट असतात आणि तेवढ्यात त्यांच्यावर ॲक्टिव्हेटेड कार्बनचे (वास-वायू शोषणाऱ्या सच्छिद्र कोळशाचे) कण सोडले की वेगळा गोंद न लावताही कण धरून राहतात. समजा हे एका जुन्या पेटंटात लिहिलंय. तुम्ही काय केलं, तर दोन थरांचा तंतू घेतला, आत पॉलिप्रॉपिलीन, वर पॉलिइथिलीन. वरचा थर साधारण १३० अंशांना वितळतो, आतला १६० च्या आसपास, म्हणजे नुसता वरचा थर चिकट करायचा आणि तंतूचा आकार टिकवायचा.

नवीन आहे का? आहे. नवेपणा मोडायला क्लेममधली (म्हणजे पेटंटात ज्यावर हक्क मागितलाय त्या वर्णनातली) प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात सापडावी लागते, दोन कागद जोडून चालत नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सहज सुचण्यासारखं आहे का हे बघताना एक्झामिनर, म्हणजे पेटंटचा अर्ज तपासणारा अधिकारी, कागद जोडू शकतो, एकात चिकट तंतूवर कण, दुसऱ्यात दोन थरांचा तंतू. अमेरिकेत नवेपणाचा आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम १०२ चा, सहज सुचण्याचा १०३ चा, आणि केएसआर खटल्यातल्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या निकालानंतर ओळखीच्या गोष्टी जोडून अपेक्षितच परिणाम आला तर या आक्षेपातून सुटणं अवघड झालंय. युरोपात प्रश्न जरा बारीक विचारतात: जाणकार माणूस हे करू शकला असता एवढं पुरत नाही, त्याने ते केलं असतं का?

इथे "कुणी केलं नाही" हे उत्तर कामाचंच नाही. कामाचं उत्तर कणात आहे: तंतू जास्त वितळला की कण त्यात बुडतो, कार्बनची छिद्रं बुजतात आणि तो वास-वायू शोषेनासा होतो. तुमच्या पद्धतीत कण नुसता टेकून बसतो, पृष्ठभाग बराचसा उघडा राहतो आणि हे कुणाला अपेक्षित नव्हतं असं सगळ्यात जवळच्या जुन्या कापडाशी तुलना करून आकड्यांत दाखवता आलं, तर बोलायला जागा आहे. जुन्या कागदातच "असं करू नका, कण झडतील" असं लिहिलेलं सापडलं तर सोन्याहून पिवळं!