हिवाळी राजवाडा: मुलाम्याखालचे लोखंड

सेंट पीटर्सबर्गचा हिवाळी राजवाडा अठराव्या शतकातल्या बरोक शैलीचा नमुना म्हणून दाखवला जातो. नेवा नदीच्या काठाने चालत गेलात तर ते पटतेही. आत पाऊल टाकले की मात्र काळ बदलतो. आज दिसणारी बहुतेक मोठी दालने 1838-39 मध्ये नव्याने बांधलेली आहेत. त्यांच्या छतावर लाकडी वाशांऐवजी लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आहेत. याचे कारण 1837 ची आग.

मूळ वास्तू इटालियन वंशाच्या बार्तोलोमेओ रास्त्रेल्लीची. सम्राज्ञी एलिझाबेथसाठी 1754 मध्ये काम सुरू झाले, पण ते पुरे होण्याआधीच ती वारली. 1762 च्या वसंतात तिचा वारस तिसरा पीटर राहायला आला आणि त्याच उन्हाळ्यात त्याची पत्नी कॅथरिन हिने त्याचे तख्त उलथवले. तिला बरोकची वेलबुट्टी आवडत नसे. रास्त्रेल्ली बाजूला पडला आणि नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या) शैलीचे वास्तुकार आले. त्यांतल्या क्वारेंगीने 1795 पर्यंत रंगीत संगमरवराचे सेंट जॉर्ज सभागृह उभारले. म्हणजे आगीआधीच आतल्या भागावर दोन-तीन पिढ्यांचे थर चढले होते. भिंती विटांच्या, पण छताचा सांगाडा, पोटमाळा आणि बरीचशी सजावट लाकडाची.

निकोलस पहिला गादीवर असताना ओग्यूस्त मोंफेराँने (सेंट आयझॅक कॅथेड्रलचा वास्तुकार तोच) 1833 च्या सुमारास फील्डमार्शल दालन आणि त्याला लागून पहिल्या पीटरच्या स्मरणार्थचे दालन सजवले. काम लवकर हवे होते. म्हणून विटांच्या जुन्या भिंतीपुढे लाकडी भिंत उभी केली आणि मधली फट तशीच राहिली. या फटीत जुन्या धुरांड्याचे एक तोंड उघडे होते. खाली तळघरात राजवाड्याच्या औषधशाळेची भट्टी होती. तिची ऊब वर निसटू नये म्हणून धुरांड्यातले भोक झाडाच्या सालीच्या चटईने बुजवल्याचे नंतर सांगितले गेले. काजळी, कोरडे लाकूड आणि वारा खेचणारी फट अशी तिन्ही गोष्टींची गाठ पडली.

17 डिसेंबर 1837 च्या संध्याकाळी (त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे; आपल्या हिशेबाने 29 डिसेंबर) राजघराणे नाटकगृहात होते. फील्डमार्शल दालनात धुराचा वास दोन दिवसांपासून येत होता. त्या संध्याकाळी धूर दिसू लागला. लाकडी भिंत फोडताच आतल्या ज्वाळांना हवा मिळाली. पोटमाळ्यात आडव्या आगरोधक भिंती नव्हत्या. ऐंशी वर्षे वाळलेल्या वाशांवरून आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली. राजवाडा तीस तासांहून अधिक जळला आणि त्यानंतरही दिवसचे दिवस धुमसत राहिला.

शेजारचे हर्मिटेज (राजघराण्याच्या कलासंग्रहाची इमारत) वाचले, कारण जोडमार्ग तोडून त्यांची तोंडे घाईघाईने विटांनी बंद केली होती. सैनिकांनी फर्निचर, सिंहासन आणि 1812 च्या युद्धातील सेनानींची तीनशेहून अधिक व्यक्तिचित्रे बाहेर काढली. सामानाचे ढीग चौकात, अलेक्झांडर स्तंभाच्या आसपास बर्फावर रचले गेले. भिंतीत बसवलेला एक आरसा सोडायला सैनिक तयार होईनात, तेव्हा सम्राटाने आपली दुर्बीण फेकून तो फोडला आणि त्यांना बाहेर घालवले, अशी कथा सांगतात.

पुनर्बांधणीची जबाबदारी वासिली स्तासोव आणि अलेक्झांडर ब्रुल्लोव यांच्यावर आली. मोंफेराँला त्यात जागा मिळाली नाही. ढोबळमानाने स्तासोवकडे दरबारी दालने, मुख्य जिना आणि चर्च, तर ब्रुल्लोवकडे राजघराण्याची राहती दालने. मुदत 1839 च्या ईस्टरची, म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष. जळकी इमारत साफ करायची, छत घालायचे, गिलावा करायचा, तो वाळवायचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा. दररोज हजारो मजूर राबत होते. हिवाळ्यात ओल्या भिंती वाळवण्यासाठी दालने भट्टीसारखी तापवत. त्या उष्णतेतून बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीत जाणाऱ्या कामगारांचे हाल झाले. या कामगिरीचे कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो.

खरी क्रांती छतावर झाली. अलेक्झांद्रोव्स्की ओतकाम कारखान्याचा मॅथ्यू क्लार्क याने लोखंडी कैच्या बनवल्या. मोठ्या दालनांवरच्या तुळयांसाठी त्याने लोखंडी पत्रे वाकवून रिव्हेटने जोडले. त्यांचा आडवा छेद लंबवर्तुळाकार होता. पोकळ असल्याने त्या हलक्या होत आणि उभ्या दिशेने खोली जास्त असल्याने वाकत कमी. लहान अंतरांवर भाजलेल्या मातीची पोकळ मडकी रचून घुमटाकार छत केले. वजन कमी, जळण्याचा प्रश्नच नाही. काही छतांवरची जी नक्षी लाकडी कोरीव वाटते ती कागदाच्या लगद्याची आहे, काही ठिकाणी तांब्याच्या पत्र्यावर उठवलेली.

लोखंड आले म्हणून सगळे निर्धोक झाले, असे मात्र नाही. सेंट जॉर्ज सभागृह निकोलसच्या इच्छेने पूर्ण पांढरे केले गेले: कॅरारा संगमरवराचे 48 खांब, सुमारे 800 चौरस मीटर जागा, 16 प्रकारच्या लाकडांचे पार्केट (लाकडी तुकड्यांची नक्षीदार जमीन). ऑगस्ट 1841 मध्ये एका रात्री त्याचे छत कोसळले. झुंबरे चुरा झाली आणि खांबांनाही मार बसला. दालन रिकामे होते म्हणून मोठा अनर्थ टळला. ते दुरुस्त होऊन खुले व्हायला पुढचे वर्ष उजाडले.

मुख्य जिना म्हणजे जॉर्डन जिना. रास्त्रेल्लीची मांडणी येथे बरीचशी टिकली आहे, पण स्तासोवने साहित्य बदलले. सोनेरी लाकडी कठड्यांच्या जागी पांढरा संगमरवर आणि गुलाबी गिलाव्याच्या खांबांच्या जागी करड्या ग्रॅनाइटचे अखंड खांब आले. छताचे चित्र जळाले होते, म्हणून हर्मिटेजच्या साठ्यातले गास्पारे दित्सियानीचे अठराव्या शतकातले ऑलिंपसचे चित्र लावले. ते जागेपेक्षा लहान निघाले, तेव्हा कडेची मोकळी जागा वेगळी रंगवून भरली. वर पाहताना चित्राची कड शोधली तर ती सापडते.

सगळ्यात नाजूक काम मॅलेकाइट दालनाचे. आगीआधी येथे मोंफेराँचे जास्पर (एक रंगीत दगड) दालन होते. 1835 मध्ये उरल पर्वतातल्या निझ्नी तागिलजवळ, देमिदोव घराण्याच्या खाणीत मॅलेकाइटचा प्रचंड साठा सापडला आणि एवढा मोठा बेत शक्य झाला. ब्रुल्लोवने आठ खांब, आठ भिंतखांब आणि दोन शेकोट्या या हिरव्या दगडाने मढवल्या. त्यासाठी सुमारे 2 टन मॅलेकाइट लागले.

हे खांब भरीव नाहीत. मॅलेकाइट गाठींच्या रूपात सापडतो आणि त्यात भेगा, पोकळ्या असतात, त्यामुळे अखंड खांब कापणे जमतच नाही. यावर ‘रशियन मोझेक’ हा उपाय होता. दगडाच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या, त्या आतल्या आधारावर गरम राळ-मेणाच्या लुकणाने चिकटवायच्या. सांधे सरळ कापायचे नाहीत. दगडातल्या गडद-फिकट वलयांच्या वळणाने कडा घासायच्या, म्हणजे रेषा एका चकतीतून दुसरीत वाहत जाते. उरलेल्या फटींत मॅलेकाइटचा चुरा लुकणात मिसळून भरायचा, मग सगळे घासून चकचकीत करायचे. खांबाच्या गोलाईवर प्रत्येक चकती वक्र हवी, म्हणून सपाट टेबलापेक्षा खांब कितीतरी अवघड. दगडही मऊ, मोहसच्या मापावर (खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 मोजपट्टी) साडेतीन ते चार. आम्ल लागले की डाग पडतो आणि उष्णतेने लुकण सुटले की चकती उचलते.

नेमकी उष्णता हीच पुढची अडचण ठरली. वरच्या मजल्यांवर धगधगत्या भट्ट्या नकोत म्हणून निकोलाय अमोसोवच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. तळघरात जाळ, लोखंडी नळ्यांभोवती बाहेरची हवा तापवायची आणि भिंतीतल्या विटांच्या मार्गांनी वर सोडायची. आगीचा धोका कमी झाला, पण हवा फार कोरडी झाली. तापलेल्या लोखंडावर धूळ जळे आणि काजळीसकट दालनांत उतरे. पार्केट आकसले, चित्रांचे रंगथर तडकू लागले. शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने गरम पाण्यावर चालणारी व्यवस्था आली.

बाहेरच्या भिंतींचा रंगही मूळचा नाही. रास्त्रेल्लीचा राजवाडा वाळूसारखा पिवळसर होता, विसाव्या शतकाच्या आरंभी तो विटकरी-लाल झाला. आज छायाचित्रांत दिसणारा हिरवा रंग दुसऱ्या महायुद्धानंतरचा.