०.०२ मिलिमीटरचं आधुनिकीकरण

२०२५ मध्ये एमजीने ‘सायबरस्टर’ ही विजेवर चालणारी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी भारतात आणली आणि गाडीवेड्यांत नेहमीचे दोन तट पडले. एका गटाला हा एमजी या जुन्या ब्रिटिश नावाचा अपमान वाटतो. दुसरा गट म्हणतो, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे गळणारं तेल, दमट हवेत दगा देणारं इग्निशन आणि दर रविवारी हातात पाना. त्यापेक्षा हे बरं. नव्या गाडीविषयी मी एवढंच म्हणेन, की १९६२ ची एमजीबी, म्हणजे एमजीची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार, साधारण ९२० किलोची होती आणि दोन मोटरींची सायबरस्टर जवळपास दोन टनांची आहे. जास्त अश्वशक्ती दिली की गाडी पळते, पण वळणावर वस्तुमान कुठे लपवणार?

माझा जीव आहे तो जुन्या गाड्यांत, आणि प्रश्न आहे तो त्यांचं आधुनिकीकरण करावं का आणि किती, हा. एमजीबीच पाच लाखांवर बनल्या, आणि इंग्लंडात आजही त्या रस्त्यावर दिसतात. या गाड्यांना हातच लावू नये म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: हात केव्हाच लागलाय. ब्रिटनमध्ये २००० सालापासून पंपांवर शिसंयुक्त पेट्रोल मिळेनासं झालं. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा. तो गेल्यावर हजारो इंजिनांची हेडं उघडून त्यांत कठीण पोलादाच्या बैठका बसवल्या गेल्या. बाहेरून काही दिसत नाही, कोणी तक्रारही करत नाही. सुरुवातीच्या एमजीबीचे ब्रेक एकाच सर्किटचे होते, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. तिथे दोन सर्किटं बसवायला ज्याला पाप वाटतं त्याच्याशी मी वाद घालणार नाही, फक्त त्याच्या शेजारच्या सीटवर बसणार नाही.

फसलेलं आधुनिकीकरणही घरचंच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या बंपर आणि दिव्यांच्या उंचीच्या नियमांसाठी कारखान्यानेच एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि गाडी इंचभर वर उचलली. गुरुत्वमध्य वर गेला, गाडी वळणावर जास्त कलू लागली. मालकमंडळी आजही ती उंची परत खाली आणत असतात.

आता कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं यंत्र. ‘काढून टाका आणि फ्युएल इंजेक्शन लावा’ हा सल्ला सगळ्यात स्वस्त मिळतो, आणि तो देणाऱ्या बहुतेकांनी एसयू कार्बोरेटर उघडून पाहिलेला नसतो. हर्बर्ट स्किनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रचला. भाऊ कार्ल जोडीला आला आणि ‘स्किनर्स युनियन’ची झाली एसयू. कुटुंबाचा धंदा पादत्राणांचा, त्यामुळे पहिल्या एसयूमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना हे यंत्र परकं नाही. ॲम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचं भावंड, आणि सुरुवातीच्या ॲम्बेसेडरवर कार्बोरेटर एसयूचाच.

साध्या कार्बोरेटरची अडचण आधी पाहू. हवेच्या वाटेत एक ठरावीक मापाचा गळा असतो. गळ्यात हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक तोटीतून, पेट्रोल खेचलं जातं. पण दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हवा दहापट झाली की फरक शंभरपट. उलट इंजिन संथ चालत असताना हा फरक इतका क्षीण असतो, की जेटच्या तोंडाशी पेट्रोल येतच नाही. म्हणून संथ गतीसाठी वेगळं जेट, मधल्या गतीसाठी वेगळं, एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर त्यासाठी एक पंप, अशी भरताड करावी लागते.

स्किनरने गळाच हलता केला. हवेच्या वाटेत वरून एक पिस्टन उतरतो. त्याच्या वरच्या घुमटाला एका छिद्रातून इंजिनाकडचा कमी दाब मिळतो, खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब असतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडलं की घुमटातला दाब उतरतो आणि पिस्टन वर सरकतो. वाट रुंदावते, आणि दाबातला फरक पिस्टनचं वजन तोलण्यापुरता उरला की पिस्टन तिथेच थांबतो. कुकरच्या शिटीसारखंच हे: गॅस मोठा करा नाहीतर बारीक, आतला दाब ठरवते ती शिटीचं वजन. इथे पिस्टनचं वजन आणि वरची हलकी स्प्रिंग मिळून दाबाचा फरक जवळजवळ कायम ठेवतात. पिस्टन किती वर गेलाय, यावरून हवा किती जातेय ते कळतं.

पिस्टनच्या बुडाला निमुळती सुई असते, ती जेटमध्ये शिरलेली. जेटमधून येणारं पेट्रोल = मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ × दाबाच्या फरकाचं वर्गमूळ (गुणिले एक स्थिरांक). फरक कायम, म्हणजे वर्गमूळही कायम. उरलं फक्त क्षेत्रफळ, म्हणजे सुई आणि जेट यांच्यामधलं कडं. तेव्हा ‘इतक्या हवेला इतकं पेट्रोल’ हा आख्खा तक्ता सुईच्या निमुळतेपणात कोरलेला आहे. आजच्या इंजिनात तोच तक्ता चिपमध्ये असतो. आणि एकदम थ्रॉटल दाबलं तर? पिस्टनच्या पोकळ दांड्यात तेल भरलेलं असतं आणि त्यात एक दट्ट्या. तेलामुळे पिस्टनला वर जायला क्षणभर उशीर होतो. तेवढा वेळ दाबाचा फरक वाढतो आणि जादा पेट्रोल खेचलं जातं. वेगळ्या पंपाची गरजच नाही. तेल संपलं की गाडी वेग घेताना अडखळते, आणि लोक भलतीकडेच दोष शोधत बसतात.

मिश्रण तपासण्याची रीतही बघण्यासारखी. गाडी संथ चालू ठेवून पिस्टन मिलिमीटरभरापेक्षा किंचित कमी उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी, किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. स्कॅनर लागत नाही, कान लागतो.

यात उणीव एकच, पण मोठी. सुईला इंधन ओळखता येत नाही. पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं, भारतात आता २० टक्क्यांचं, म्हणजे ई२०. तीच सुई ठेवली तर ई२० वर मिश्रण सात-आठ टक्के कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी पडतं. इंजेक्शनवाली गाडी सायलेन्सरकडच्या नळीतला ऑक्सिजन मोजून स्वतःला सावरते, एसयूला ती सोय नाही.

मग करायचं काय? गणित मांडू. एमजीबीचं जेट २.२९ मिमीचं. सुई जिथे २.०३ मिमी जाड आहे, तिथे आठ टक्के जादा जागा हवी असेल तर तिची जाडी २.०१ व्हायला हवी. फक्त ०.०२ मिमी! खालचा नट फिरवून जेट उतरवलं तरी मिश्रण दाट होतं, पण संथ गतीला फार आणि भर वेगात थोडं, कारण पिस्टन खाली असताना कडं मुळातच अरुंद असतं. म्हणून सुईच बदलायची. वेगवेगळ्या निमुळतेपणाच्या सुया शेकड्यांनी उपलब्ध आहेत.

(पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवून देणारे इंग्लंडातही आहेत आणि आपल्याकडेही. पेट्रोलचे रेणू चुंबकाने ‘ओळीत’ येत नाहीत. पैसे मात्र येतात, विकणाऱ्याच्या खिशात.)

विजेचं म्हणाल, तर २०१७ मध्ये जॅग्वारने ई-टाइपमध्ये ४० किलोवॅट-तासांची बॅटरी बसवून दाखवली, आणि ती मूळ गाडीपेक्षा ४६ किलोने हलकी भरली. काम देखणं होतं, मान्य. पण जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ अशा गाडीला ऐतिहासिक मानत नाही. बदल करायचाच तर तो उलटवता येईल असा करा आणि मूळ भाग जपून ठेवा, असं ती सांगते, आणि मला ते पटतं. इंजेक्शनसाठी जास्त दाबाचा पंप, टाकीकडे परतीची नळी, सायलेन्सरच्या नळीत सेन्सरचं वेल्डिंग, शिवाय एक संगणक लागतो. वर्षाला हजार किलोमीटर न धावणाऱ्या गाडीसाठी हा खटाटोप मला नाही पटत. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र खुशाल लावा.

आणि सुईच्या आधी नळ्या बघा. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, चिरतं, आणि ते पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ठिबकतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि फ्लोटचा (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा) व्हॉल्व्ह आधी बसवा, सुई मग. काढलेली सुई फेकू नका. तिचा क्रमांक लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.