सागरी बर्फाची अंतर्रचना

समुद्राचे पाणी गोठून झालेला बर्फ वरून एकसंध दिसतो. आत मात्र गोड्या पाण्याचे स्फटिक, त्यांच्यामध्ये अडकलेले अतिखारे पाणी आणि हवेचे बुडबुडे असतात. हवामान तापू लागले की या तिन्हींचे प्रमाण आणि मांडणी बदलते. बातम्यांत बहुधा बर्फाचे क्षेत्रफळच येते. तो आतून किती पोखरला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सियसला गोठते. स्फटिकात मिठाला जागा नसते, म्हणून ते बाजूला सारले जाते आणि पातळ पापुद्र्यांच्या मध्ये खारे पाणी कोंडून राहते. बेळगावच्या कोणत्याही स्वयंपाकघरात हे पाहता येते. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून त्यातले वाटीभर पाणी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. सकाळी दुधाळ, चमच्याने खरवडता येणारा बर्फ मिळतो. वाटी तिरपी केल्यावर ओघळणारा थेंब जिभेवर ठेवला, तर तो मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट लागतो.

बर्फ तापला की खाऱ्या पाण्याच्या पोकळ्या भोवतालचा बर्फ विरघळवत रुंदावतात आणि एकमेकींना मिळून उभ्या नळ्या बनतात. हे पाणी एकूण घनफळाच्या ५ टक्क्यांखाली असेपर्यंत खांबांसारख्या स्फटिकांच्या बर्फातून जवळपास काहीच झिरपत नाही. त्यापुढे वाट खुली होते. हजारी ५ क्षारतेच्या (किलोमागे ५ ग्रॅम क्षार) बर्फात ही वेळ उणे ५ अंशांच्या आसपास येते, म्हणून याला ‘पाचाचा नियम’ म्हणतात. खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला जांभ्याचा चिरा आठवावा : भोके सुटी असतील तर पाणी वरच राहते, एकमेकांत उघडली की आरपार जाते.

उन्हाळ्यातले वितळपाणी या वाटांनी मीठ धुऊन नेते. एकाहून अधिक उन्हाळे टिकलेला बर्फ त्यामुळे अळणी आणि कणखर होतो. उत्तर ध्रुवाकडचे लोक तो वितळवून पितात. १९८५च्या मार्चमध्ये आर्क्टिकच्या बर्फापैकी सुमारे एक तृतीयांश चार वर्षांहून जुना होता. २०१९च्या मार्चमध्ये तो २ टक्क्यांहूनही कमी उरला. जुन्याची जागा पातळ, खारट, एका हिवाळ्याच्या बर्फाने घेतली आहे. तो लवकर सच्छिद्र होतो, कमी भार पेलतो आणि त्याच्या सपाट पाठीवर वितळपाण्याची उथळ तळी दूरवर पसरतात. ती गडद असल्याने ऊन शोषतात. नळ्यांच्या भिंतींना धरून जगणाऱ्या डायटम शैवालांचे घरही यात बदलते.

भारतातले ध्रुवीय संशोधन बेळगावकरांपासून फार दूर नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ व ‘भारती’ आणि आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ या तळांची कामे तिथूनच चालतात.

अंतर्रचना तपासण्यासाठी पोकळ गिरमिटाने बर्फाचा दंडगोल काढतात. तापलेल्या बर्फात तो वर ओढतानाच खारे पाणी खालून गळून जाते. म्हणून मोजलेली क्षारता खऱ्या क्षारतेपेक्षा कमी भरते. बर्फ जितका सच्छिद्र, तितकी ही तूट मोठी.