पुअर चहाची पार्श्वभूमी: आंबवलेला कुठला आणि नुसता मुरलेला कुठला

पुअर ह्या चिनी चहाच्या चकत्या आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळायला लागल्यात आणि त्यांच्या जाहिरातीत "शेकडो वर्षांची परंपरा" हमखास असतेच. (उच्चार पु-अर, गरिबीशी काही संबंध नाही, किमती बघितल्या की कळतंच.) परंपरा खरी आहे, पण तो जो काळाभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारा चहा कपात पडतो ना, तो करायची पद्धत 1973 ची, म्हणजे आपल्याकडे बाहत्तरचा दुष्काळ चालू होता तेव्हाची.

जुनं थोडक्यात सांगतो. चीनच्या युन्नान प्रांतातल्या दक्षिणेकडच्या डोंगरांत मोठ्या पानाचं झाड, आसामच्या चहाचीच जात. माल पुअर नावाच्या बाजारगावात यायचा, म्हणून नाव बाजाराचं पडलं. तिथून खेचरांचे तांडे तिबेटकडे. सुटी पानं लादायला जागा फार खातात, म्हणून वाफ देऊन दाबून चकत्या आणि विटा करायच्या, आणि वाटेत महिनोन्महिने दमट हवा खाऊन चहा आपसूक मुरायचा. 1729 मध्ये चिंग राजवटीनं पुअर हा वेगळा प्रशासकीय विभाग केला आणि इथला चहा दरबारात नजराणा म्हणून जायला लागला.

खरी गंमत पुढची. मुरलेल्या चहाची चटक हाँगकाँगला लागली. तिथे त्याला बोलेई म्हणतात, डिमसमसोबत पितात, तेलकट खाल्ल्यावर बरा पडतो. पण मुरायला वर्षं लागतात आणि गिऱ्हाईक तर आज दारात उभं, मग दमट गोदामात ठेव, पाणी मार असले उद्योग ग्वांगडोंग-हाँगकाँगकडचे व्यापारी आधीपासून करतच होते. 1973 मध्ये युन्नानमधल्या कुनमिंगच्या सरकारी चहा कारखान्यातली मंडळी ग्वांगडोंगला जाऊन ते बघून आली आणि परत येऊन त्यांनी वोदुई बसवली. वोदुई म्हणजे ढीग लावून मुरवणं. उन्हात वाळवलेल्या पानांचा मोठा ढीग, त्यावर पाणी, वर कापड, आत 50-60 अंशांपर्यंत ऊब, मधूनमधून उलथापालथ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत चहा तयार. कंपोस्टचा खड्डा ज्यांनी सांभाळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ह्याला म्हणतात शू, म्हणजे पिकलेला. ढीग न लावता नुसता दाबून ठेवलेला तो शंग, म्हणजे कच्चा.

आता तो "आंबवलेला" शब्द, ज्याने सगळा घोळ घातलाय. आपल्या टपरीवरचा चहाही पानं आंबवून करतात असंच आपण वाचत आलोय, आसामच्या कारखान्यातही त्याला फर्मेंटेशनच म्हणतात. पण तिथे जंतूंचं फारसं काम नसतं, चिरलेलं वांगं हवा लागून काळं पडतं तसला तो प्रकार. पुअरमध्ये पानं आधी कढईत गरम करून ती क्रिया बरीचशी थांबवतात आणि नंतर बुरशी, यीस्ट, बॅक्टेरिया कामाला लागतात, इडलीच्या पिठासारखं. त्यात चिनी लोक आपल्या काळ्या चहाला लाल चहा म्हणतात आणि ह्या जंतूंनी मुरवलेल्या जातीला काळा चहा. भाषांतर करणाऱ्याने नेमका कुठला काळा धरायचा?

पण मग ताजा शंग कुठे बसतो? त्याचा रस्सा पिवळसर-हिरवट, चव कडवट, अजून काहीच आंबलेलं नाही. 2003 च्या युन्नानच्या प्रांतिक मानकात पुअर म्हणजे नंतर आंबवलेलाच चहा असं होतं, म्हणजे कच्चा शंग बाहेर. 2008 च्या राष्ट्रीय मानकाने मात्र शंग आणि शू दोन्ही आत घेतले, वर युन्नानच्या ठरलेल्या भागातल्या मोठ्या पानाचाच चहा पुअर अशी भौगोलिक चौकटही घातली. बाजू घेणारे म्हणतात शंग हाच मूळ पुअर, त्याला बाहेर कसं ठेवणार, आणि त्यात तथ्य आहे. पण मला तरी ही व्यापाराची सोय वाटते, कारण तोवर गुंतवणूक म्हणून साठवलेला माल मुख्यतः शंगच होता. 2007 च्या एप्रिलमध्ये सिमाओ शहराचं नावच पुअर करून टाकलं (जुन्या पुअरचं झालं निंगअर), भाव आकाशाला भिडले आणि पुढच्याच महिन्यात आपटायला सुरुवात झाली. चकती 357 ग्रॅमची आणि सात चकत्यांची एक चळत, अशा चळती घेऊन लोक बसून राहिले. चकत्यांना दिलेल्या 7542 सारख्या आकड्यांनाही फसू नका, त्यातलं 75 हे मिश्रण ठरवल्याचं वर्ष असतं, चहा केल्याचं नाही.

प्यायचं म्हणाल तर नवख्याने शूपासून सुरुवात करावी. 100 मिली पाण्याला 5-6 ग्रॅम, पाणी उकळतं. पहिलं पाणी पाच-दहा सेकंदात ओतून टाकायचं, मग दर वेळी दहा-पंधरा सेकंद पानं भिजवून प्यायचं, तीच पानं सहज सात-आठ वेळा चालतात. गायवान (चहा करायची झाकणाची चिनी वाटी) नसेल तर छोटी किटली आणि गाळणी पुरे. दूध नको. आणि चकती मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, मी ठेवली होती, वर्षभर गोडा मसाला पीत होतो.